शरदने तासलेला ओक

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी शरद, माझा नवरा, झोपेतच गेला. चहा झाला म्हणून मी हाक मारली, तेव्हा तो गेलेला होता. मुलगी तिच्या प्लेनोच्या घरून आली, दोन आठवडे राहिली, "आई, जस्ट कम विथ मी," असं रोज म्हणत राहिली आणि शेवटी एकटीच परत गेली. मग हळूहळू सांत्वनाचे फोनही कमी झाले.

शरद स्ट्रक्चरल इंजिनिअर. जन्मभर स्टीलच्या इमारती उभ्या केल्या आणि निवृत्त झाल्यावर एका लाकडी घरात गुंतला. आमच्या नेपरव्हिलपासून तासाभरावरच्या एका संग्रहालयात इंग्लंडमधलं शेतकऱ्याचं जुनं घर आहे. तिकडे तुळई न् तुळई सुटी करून बोटीने आणलेलं, इथे पुन्हा उभं केलेलं. ओकच्या खांबांचा सांगाडा, मधल्या चौकटींत काटक्या विणून त्यावर माती-शेणाचा गिलावा. सांगाड्याला खिळा कुठेच नाही. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत, आणि आरपार ओकची खुंटी. दर शनिवारी तो तिथे दुरुस्तीला जायचा. "चल ना, तू तिथे वाचत बस," म्हणायचा. "तुझ्या त्या गोठ्यात मला थंडी वाजते," मी म्हणायची. खरं म्हणजे मी रुसले होते. मी लायब्ररीत कामाला, तो साइटवर, अशी सगळी वर्षं गेली. म्हातारपणीचे शनिवार तरी माझे, असं मी धरून चालले होते...

गेल्या उन्हाळ्यात तो एकदा गप्पगप्प घरी आला. कोपऱ्यातल्या खांबाला आधार देणारं एक तिरकं लाकूड बदलायचं होतं. जिभेतलं भोक आणि खांबातलं भोक जरासं चुकतंय, हे बघून त्याने ते ड्रिलने सरळ करून टाकलं. तिथला सुतार वॉल्टर डोक्याला हात लावून बसला. ती भोकं मुद्दाम चुकवलेली असतात. खुंटी ठोकली की वाकत आत जाते आणि सांधा आवळून घेते. आता तो खुळखुळणार होता. "चाळीस वर्षं भोकाला भोक जुळवलं गं," शरद ताटावर बसून म्हणाला, "आणि इथे न जुळणं हेच बरोबर!" मी हसले. तो हसला नाही. मग नवं लाकूड त्याने स्वतःच करायला घेतलं. ओला ओक, हाताने तासायचा. हिवाळाभर ते चाललं. फक्त ते बसवून खुंटी ठोकायची राहिली होती.

एप्रिलमध्ये वॉल्टरचा फोन आला. "लाकूड बसवतोय. खुंटी तू ठोकशील?" सांगते म्हटलं, आणि दोन दिवस उत्तर दिलं नाही. माझ्याशिवाय तो जिथे सुखात होता, ती जागा मला बघवेल का, हेच कळत नव्हतं. शनिवारी गाडी काढली.

वॉल्टर दारातच उभा होता. "थंडी वाजणारी बाई ती तूच ना?" त्याने विचारलं. मी ओशाळले. म्हणाला, "शरद सांगायचा, थंडी हे निमित्त आहे. ती माझ्यावर चिडलीय."

"मग दर वेळी विचारायचा कशाला?"

"एखाद्या शनिवारी राग गेलेला असेल, म्हणून."

त्याने लाकडी हातोडा माझ्या हातात दिला. माझे पहिले दोन घाव चुकले. "तो याहून वाईट ठोकायचा," वॉल्टर म्हणाला. पुढच्या घावांना खुंटी कुरकुरत आत गेली आणि दोन लाकडांमधली फट माझ्या डोळ्यांदेखत मिटली. ओक वाळेल तसा सांधा आणखी घट्ट होईल, त्याला काही वर्षं लागतील, असं वॉल्टरने सांगितलं.

घरी आल्यावर मुलीला फोन केला. मी इथेच राहणार, तो सांधा घट्ट होईपर्यंत तरी, म्हणून सांगितलं. "बट अलोन?" ती म्हणाली. हो म्हटलं.

तो कोपरा आता उभा आहे. इथे घरात मी एकटी आहे.