चौकटीतली चौकट

भोईर सर गेल्याचं मला निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. धामणकर नाक्यावर रिक्षा अडकली होती म्हणून फोन काढला, तर तोवर तीसेक जणांचे हात जोडून झाले होते. मीही जोडले. एवढ्याला एक अंगठा पुरतो. सव्वीस वर्षं ज्याच्याबरोबर शाळेत काढली, त्याच्यासाठी तेवढंच करून मी घरी गेलो. अंत्ययात्रेला न जाण्याचं कारण मी लोकांना गुडघेदुखी असं सांगितलं. खरं कारण सांगायला आज, पाच आठवड्यांनी, बसलो आहे.

आम्ही दोघंही गणित शिकवायचो. मी वाचणारा, बोलण्यात चटपटीत. ते खाडीकाठच्या गावातले, मोजकं बोलणारे. त्रिकोणाचे प्रकार हा त्यांचा लाडका धडा. मुलांना घेऊन ते कशेळीच्या रस्त्याला जायचे आणि गोदामांची छपरं दाखवायचे. दोन्ही उतार सारखे, म्हणून छपराखालचा त्रिकोण बाजूंवरून समद्विभुज. वरचा कोन चांगला पसरट, म्हणून कोनावरून विशालकोन. माणसाला घरात एक नाव आणि शाळेत दुसरं, तसंच हे, असं ते सांगायचे. त्यांची मुलं तो धडा विसरायची नाहीत. माझी मुलं माझे विनोद विसरायची नाहीत.

शाळेच्या जिन्याजवळच्या भिंतीवर तक्ते काढायचे ठरले तेव्हा त्रिकोण त्यांच्याकडे आले. दोन रविवार खपून त्यांनी तक्ता रंगवला. विषमभुज एका चौकटीत, समद्विभुज दुसऱ्या मोठ्या चौकटीत आणि समभुजाची छोटी चौकट त्या मोठ्या चौकटीच्या आत. मग भिंतीचं उद्घाटन झालं. भिंतीचंही उद्घाटन होतं, आमच्याकडे. फीत, नारळ, शाल, आणि संस्थेचे अध्यक्ष. तक्त्यासमोर थांबून अध्यक्षांनी विचारलं की ही चौकट आत कशी शिरली, आमच्या वेळी तर तीन प्रकार वेगवेगळे होते. सर शांतपणे म्हणाले, "साहेब, तीन बाजू सारख्या हायत, म्हंजे दोन तं हायतच."

अध्यक्षांना असं चारचौघांत उत्तर मिळायची सवय नव्हती. ते माझ्याकडे वळले. "काळे सर, तुम्ही वाचलेले आहात. तुम्ही सांगा."

उत्तर मला माहीत होतं. मुख्याध्यापकांची जागा उन्हाळ्यात रिकामी होणार, हेही माहीत होतं. मी म्हणालो, "साहेब, तीन मजली बंगल्याला कुणी दुमजली म्हणतं का?"

हशा पिकला. अध्यक्ष सगळ्यांत जास्त हसले. सरही थोडे हसले, अंगावरची शाल सावरत... दुसऱ्या दिवशी पेंटर बोलावून तक्ता पुसला आणि तीन सुट्या चौकटी काढल्या. उन्हाळ्यात जागा मला मिळाली.

मला वाटलं, आता हे माझ्याशी बोलणं टाकतील. उलट मधल्या सुट्टीत ते वहीच्या पुठ्ठ्याचे त्रिकोण कापून माझ्यासमोर मांडू लागले. दोन बाजू तेवढ्याच ठेवून तळ हळूहळू आखूड करत न्यायचे, आणि तिन्ही सारख्या झाल्या की बोट ठेवून थांबायचे. आता एवढ्यापुरता हा समद्विभुज राहिला नाही, असं कसं म्हणायचं, असं विचारायचे. मी "हं" म्हणायचो. मला वाटायचं, हा माणूस मला सभ्यपणे, रोज थोडंथोडं टोचतो आहे. शेवटी मी केबिनचं दार लावून डबा खाऊ लागलो.

गेल्या आठवड्यात नारपोलीला त्यांच्या घरी गेलो. शेजारच्या पॉवरलूमच्या आवाजात वहिनींना मोठ्याने बोलावं लागत होतं. "आलात का? आता कोनाला भेटायला?" एवढं बोलून त्यांनी चहा ठेवला. मग सरांची टाचणवही आणली. उद्या काय शिकवायचं ते शिक्षक आदल्या दिवशी जिच्यात लिहून ठेवतो, ती वही. त्यांनी एक पान उघडून दिलं. घटक: त्रिकोणाचे प्रकार. विद्यार्थी: काळे सर. पूर्वज्ञान: भरपूर. अडचण: तीनमध्ये दोन येतात हे ध्यानात येत नाही. साहित्य: पुठ्ठा, कात्री. सूचना: त्यांना कमीपणा वाटू नये.

अशी पानं बरीच होती. काही तर आम्ही दोघं निवृत्त झाल्यानंतरची... त्यात काड्या होत्या, दोरा होता, एका पानावर पापड कापून दाखवायचं लिहिलं होतं.

"ते म्हनायचे, त्या दिवशी काळे सर मुद्दाम न्हाय बोलले," वहिनी सांगत होत्या. "एवढा हुशार मानूस, पन याच्यातच अडकलाय. माजाच शिकवना कमी पडतंय, म्हनायचे." मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "मंग? शेवटाला समजला का तुमाला?"

मी म्हणालो, "हो, समजलं."

"बेस झाला," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी वही पदराने पुसली.

हे ज्यात छापून येईल ती पेपरची पुरवणी तुमच्याकडे येते, वहिनी, मला माहीत आहे. सरांचं शिकवणं कमी पडलं नव्हतं. मला पहिल्या दिवशीही समजत होतं.