आक्काबाईच्या खाचरातला बोर्ड

आक्काबाई माझी मोठी जाऊ. तिच्याशी भांडायचं म्हंजे दगडावर डोकं आपटायचं, फुटतं त्ये आपलंच. मुळशीला, धरनाच्या अंगाला, रस्त्यालगत तिचं भाताचं खाचर हाय. थोरलं दीर गेलं तवापास्नं एकटी करती. जमीन घ्यायला रिसॉर्टवाल्यांनी लई फेऱ्या मारल्या. तिनं त्येंना चहा पाजला आन् वाटंला लावलं.

उन्हाळ्यात ती राब भाजती. रोप टाकायच्या जागी श्यान, झाडाची टाहाळं, पालापाचोळा अंथरायचा आन् पेटवायचा. त्या राखंत रोप जोमानं येतं. आमी कवाच सोडलं त्ये. डोंगरातनं टाहाळं डोक्यावर आनायची, धुरात डोळं जाळायचं, कुनी सांगितलंय? शेजारच्या रिसॉर्टवाल्यानं धुराची तक्रार केली, तर ही त्येला म्हनली, "रातभर तुमची गानी आमी ऐकतो न्हवं? मंग दोन दिस आमचा धूर तुमी खा."

माझा नवरा जयवंत. पौडला त्येचं खताचं दुकान हाय. औंदा त्येला एका बड्या कंपनीची एजन्सी मिळाली. परदेशात खानीतनं पोटॅश, फॉस्फेट काढायचं आन् जगभर इकायचं, हा त्या कंपनीचा धंदा. गावाला पीक दाखवायचं म्हनून कंपनीनं खताच्या चार गोनी फुकट दिल्या. त्या पडल्या आमच्या खालच्या खाचरात. पीक झ्याक आलं. पन त्ये खाचर पडलं ओढ्याकडंला, झाडाआड. तितं ना गाडी जाती, ना मंडप घालता येतो.

मंग कंपनीनं ठेवलेल्या शेतकरी मेळाव्याच्या आदल्या दिशी आमच्या शहाण्यानं काय करावं? कंपनीचा बोर्ड नेऊन आक्काच्या खाचरात रोवला. वर तिचाच हासरा फोटू, खाली लिवलेलं, 'ही आमच्या खताची कमाल.' फोटू पुतनीच्या साखरपुड्यातला, माझ्याच मोबाइलातनं घेतलेला.

सकाळी आक्का दारात हुबी. "भावजी, त्यो बोर्ड काढा."

"वैनी, एका दिसाचा प्रश्न हाय. कुनाला काय कळतंय?"

"मला कळतंय न्हवं."

"आवं, एजन्सी जाईल माझी."

"तुमची एजन्सी जाईल म्हनून माझा राब कंपनीच्या नावावर घालू व्हय? न्हाई जमायचं."

खरं सांगते, तवा मला तिचा लई राग आला. दुकानावर आमचं घर चालतं, आन् ही राखंसाठी अडून बसली. हिचं काय जातंय, असं मी तिच्या तोंडावर म्हनलेबी. ती पदर खोचून गेली.

मेळाव्याला मानसं बरीच जमली. कंपनीचे अतुल साहेब पुन्याकडच्या सूसवरनं गाडी घिऊन आले व्हते. त्येंनी आक्काला शाल-नारळ दिला आन् माइक फुडं केला. "ताई, आमच्या खताबद्दल दोन शब्द सांगा."

"सांगते की," आक्का म्हनली. "ह्या खाचरात ह्येंच्या खताचा एक दाना पडल्याला न्हाई. हितं मी राब भाजलाय. ह्येंचं खत पडलंय खाली, भावजींच्या खाचरात. तितलंबी पीक चांगलं हाय, जाऊन बगा. खताशी माझं भांडान न्हाई. मलाबी लागलं तर इकत आनीन. पन माझ्या कष्टावर दुसऱ्यानं नाव लावायचं न्हाई."

साहेबांचा चेहरा पडला. त्येंनी माइक घ्यायला हात केला, हिनं सोडला न्हाई. बोलनं संपल्यावर स्वतःच ठेवला. शाल परत केली. नारळ तेवढा ठेवला, म्हनली, त्यो देवाचा हाय. मंग चिखलात उतरून बोर्ड उपटला, फोटूतल्या आपल्या तोंडाला चिखल फासला, आन् बोर्ड खांद्यावर टाकून खाली ओढ्याकडं निघाली. मानसं तिच्या मागं. आमच्या बांधावर तिनं त्यो रोवला. "जिथलं त्ये तिथं," म्हनली.

लोक आमचं भात बगाय लागले. लोंब्या हातात घिऊन, दाना दाबून. आजवर त्या खाचराकडं कुनी ढुंकून बघितलं नव्हतं. मीबी फुडं होऊन एक लोंबी हातात घेतली.

तेवढ्यात जयवंत धापा टाकत आला. "काढ त्यो बोर्ड. साहेब म्हनत्यात, व्हिडिओला हितं उजेड न्हाई. वर रस्त्याला नेऊन लावतो."

त्येनं बोर्डाला हात घातला. मी आडवी झाले.

"सर बाजूला, येडी का काय तू?"

"ह्या खाचरात खत कुनी टाकलं?" मी इचारलं. "तुमी दुकानात बसला व्हता. पाटी काखंत घिऊन, पोटरीएवढ्या चिखलात मी टाकलंय. भांगलन मी केलीय. पीक हितं आलंय, बोर्ड हितंच ऱ्हाईल. साहेबाला उजेड न्हाई मिळत तर त्येनं बॅटरी घिऊन यावं."

"एजन्सी गेली म्हंजे?"

"गेली तर जाऊ द्या."

जयवंत आक्काकडं बगाय लागला, वैनी हिला समजावंल म्हनून. आक्कानं चिखलाचा हात पदराला पुसला आन् माझ्या शेजारी यून हुबी ऱ्हायली.