सुमन म्हणजे कोण

कुरुंदवाडच्या पलीकडच्या बौद्ध वस्तीत अंजनाइतकी तोंडाळ बाई दुसरी नव्हती. रानात तण भांगलताना मुकादमालासुद्धा बांधावर उभं करून सुनवायची. पण नवरा गणपती वारला, त्याचं मयत भर चिखलात उसाच्या सरीतून घसरत न्यावं लागलं, आणि तिच्या तोंडाला कुलूपच लागलं. मसणवटीची वाट मालकानं, धैर्यशीलरावानं, नांगरून ऊस लावला होता. बोलणार कोण? वस्तीची मजुरी त्याच्याच रानात!

मग कोल्हापुरातून संयोगिता आली, संशोधन करणारी. पोरगी गुणाची. चुलीपुढं बसून ऐकायची, मधे तोंड घालायची नाही. "तुमची नावं बदलीन, गावाचंही बदलीन," म्हणाली. तेवढ्या भरवशावर अंजनानं एकेका बाईला हाताला धरून आणलं. वाटेपायी काय सोसलं ते बाया बोलल्या, पोटभर रडल्या. अंथरुणाला खिळलेली सासू रोज विचारायची, "वाट सुटली काय गं? मला गणपतीशेजारीच ठेवा."

अहवाल निघाला, त्यावरून कोल्हापुरात कलेक्टर कचेरीत वाटेची सुनावणी लागली. साहेबांनी पानं चाळली.

"ही सुमन कोण? आणि ह्या नावाचं गाव तालुक्यात कुठाय?"

बायांना त्रास नको म्हणून नावं बदलावी लागतात, संयोगिता समजावू लागली.

"कबूल आहे हो. पण वाट मोकळी करू कुठली? नावानिशी सांगणारं कुणी आहे का?"

मागच्या बाकावर धैर्यशीलराव पाय पसरून बसला होता.

अंजना उठली. "सुमन म्हंजे मीच की, सायेब. अंजना गणपती कांबळे. आन् ह्या समद्या..."

ती वळली. बायांनी माना खाली घातल्या होत्या. त्यांचा तरी काय दोष? नाव लपवायच्या बोलीवर त्या बोलल्या होत्या, आणि ती बोली अंजनानंच घरोघर दिली होती. आता त्यांना उघडं पाडायचं कसल्या तोंडानं?

"एकटीच हाय मी," ती म्हणाली.

साहेबांनी एकटीचं म्हणणं लिहून घेतलं आणि बघू म्हणाले. बाहेर संयोगिता हुंदके देत होती. अंजनाला तिचा रागही येईना. त्यानंतर भांगलायला तिला कुणी हाक मारली नाही.

त्या दिवशी घरी सासू वाटच बघत होती. "सुटली काय गं?"

अंजनाचा जीव तुटला. खरं सांगवेना.

"व्हय आत्ती. चांगली रुंद झालीया."

"मग आता मला थांबवू नगंस," म्हातारी समाधानानं म्हणाली, आणि तिनं पुढ्यातली पेज बाजूला सारली.