नोएडातली सवाष्ण

अंबाबाईच्या कृपेबद्दल लिहायला बसले आहे खरी, पण सुरुवात रागानेच होणार, त्याला माझा इलाज नाही. दिल्लीतले ते दिवस आठवले की अजूनही तळपायाची आग मस्तकात जाते. तो राग वगळून सांगितलं तर सगळंच खोटं होईल.

आम्ही नैरोबीचे. पणजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी तिकडे गेले आणि घराणं तिथलंच झालं. माझा जन्म तिथला, माझ्या आईचाही तिथलाच. ऐंशीला टेकलेल्या आईने भारत कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता, तरी ‘देशात’ म्हटलं की तिला भारतच म्हणायचं असे. तिच्या लहानपणी रेडिओवर दिल्लीच्या बातम्या लागल्या की तिचे वडील घरात सगळ्यांना गप्प बसवायचे, म्हणून दिल्लीचं नावसुद्धा ती जरा सावरून बसूनच घ्यायची. कुलस्वामिनी कोल्हापूरची अंबाबाई. तीही आम्हाला फोटोतूनच ठाऊक. माझी मुलगी मुक्ता मलेरियाने अंथरुणाला खिळली, ताप डोक्यात गेला आणि डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा आई त्या फोटोपुढे बसली आणि नवस बोलली. पोर वाचली तर देशात जाऊन सवाष्ण जेवायला घालीन, पुरणावरणाचं करून, आणि तोवर गोड तोंडात घालणार नाही. मुक्ता वाचली. आईने त्या दिवसापासून चहातली साखरसुद्धा बंद केली.

नवस फेडायला म्हणून आम्ही तिघी निघालो. बेत कोल्हापूरचाच होता. पण दिल्लीला लागूनच, नोएडात, माझा चुलतभाऊ दीपक राहतो. त्याचे वडील तरुणपणीच देशात परतलेले. त्याने फोनवर फारच गळ घातली. “ताई, पहिल्यांदा येताय, राजधानी बघितल्याशिवाय कसं चालेल? काकूंना सगळी दिल्ली दाखवतो. बिल्कुल घरचं समजा.” घरचं समजलो, आणि तिथेच फसलो! विमानतळावरून त्याने आम्हाला नेलं ते त्याच्या घरी नव्हे, तर त्याच्याच सोसायटीत भाड्याने घेतलेल्या एका फ्लॅटवर. “तुम्हाला मोकळं वाटावं म्हणून,” असं त्याची बायको अनुजा हसून म्हणाली. सोमवारी लाल किल्ला दाखवायला नेलं, तर दाराला कुलूप. सोमवारी तो बंद असतो! उभा जन्म दिल्लीत काढलेल्या माणसाला हे माहीत असू नये? इंडिया गेट गाडीच्या काचेतून दाखवलं. तेही दाखवलं म्हणायचं, कारण धुरक्यात मला तरी काही दिसलं नाही. कस्तुरबा गांधी मार्गावर मराठी जेवण मिळतं, तिथे नेतो म्हणाला, आणि नेलं एका मॉलमध्ये. आईने मात्र एकच गोष्ट मागितली होती. मातीत अनवाणी उभं राहायचं होतं तिला. त्या आमच्या सेक्टरात फरशी, डांबर आणि कुंडीतली झाडं यापलीकडे काही सापडलं नाही. मी दीपकला तसं म्हटलं तर तो म्हणतो, “अच्छा, पार्कमध्ये जाऊ ना कधीतरी.” कधीतरी! परतीची तिकिटं माझ्या पर्समध्ये होती.

चौथ्या दिवशी आईची छाती भरली. ती हवा मी नैरोबीत कधी घेतली नव्हती, आणि या वयात तिने तर ती घ्यायलाच नको होती. डॉक्टर म्हणाले, प्रवास अजिबात नाही, बऱ्या झाल्या की सरळ घरी जा. कोल्हापूर हातचं गेलं. त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून रडले. आई पुन्हा इतका प्रवास करू शकणार नाही हे तिला कळत होतं आणि मलाही. हा नवस आता फिटला नाही तर तो डोक्यावर घेऊनच ती जाणार होती. पण सकाळी तीच मला म्हणाली, “अगं, दिल्लीसुद्धा देशातच आहे ना? शुक्रवार आला की इथेच करू. अनुजा आहे की सवाष्ण.” अनुजानेही लगेच हो म्हटलं. मला तिच्याबद्दल तेवढ्यापुरतं बरंही वाटलं.

शुक्रवारी आई धाप लागलेल्या आवाजात मला सांगत होती आणि मी करत होते. भाड्याच्या घरात पुरणयंत्र कुठलं असणार? डाळ शिजवून गाळणीवर घासली, हात भरून आले. कटाची आमटी, वरणभात, लिंबू, भजी, सगळं झालं. खण-नारळ मुक्ताने आणले. आमच्याकडे सवाष्ण जेवल्याशिवाय घरात कुणी घास घेत नाही, कारण त्या दिवशी ती बाई नसतेच, देवीच पाटावर बसलेली असते. आईने औषधंसुद्धा कोऱ्या चहाबरोबर घेतली. आणि ऐन पानं मांडायच्या वेळी अनुजाचा फोन. “यार ताई, ऑफिसचा कॉल आलाय, आज जमणारच नाही. काकूंना सांगा ना जरा. तुम्ही असं करा, डब्यात पॅक करून गार्डकडे ठेवा, मी संध्याकाळी खाऊन घेईन.”

देवीच्या सवाष्णीचं पार्सल! गार्डकडे! मी तिला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. फोन आपटला आणि देव्हारा म्हणून मांडलेल्या अंबाबाईच्या फोटोकडे वळले. तिलाही सोडलं नाही. “एवढी मोठी राजधानी, आणि तुला एक बाई पाठवता येईना? म्हातारीला तीन वर्षं गोडाशिवाय ठेवलंस, विमानात बसवलंस, आजारी पाडलंस, आणि आता हे? मग कशाला म्हणायचं तुला आई?” आई खुर्चीत बसून ऐकत होती. रागावली नाही. “झालं बोलून? आता पोळी बघ, करपतेय,” एवढंच म्हणाली. खरंच करपत होती. घरभर धूर झाला, आईला खोकल्याची उबळ आली, म्हणून डॉक्टरांनी बंद ठेवायला सांगितलेली स्वयंपाकघराची खिडकी मी चिडून सताड उघडली.

थोड्या वेळाने बेल वाजली. धुराची तक्रार घेऊन गार्ड आला असणार, या तयारीनेच मी दार उघडलं. दारात साठीच्या एक बाई होत्या. सुती साडी, हातात हिरव्या बांगड्या, कपाळाला ठसठशीत कुंकू. “माफ करा हं,” त्या चक्क मराठीत म्हणाल्या, “मी वरच्या मजल्यावर राहते. करपल्याचा वास आला, आणि त्यात जायफळ-वेलची. म्हटलं, ही नक्की पुरणपोळी आहे. इतक्या वर्षांत या बिल्डिंगमध्ये हा वास आला नव्हता. राहवलं नाही.” आतून आईचा आवाज आला, “आली ना? आत घे तिला.” आईला एवढ्या ठणठणीत आवाजात बोलताना मी त्या आठवड्यात प्रथमच ऐकलं.

त्यांचं नाव सुनंदा. नवऱ्याच्या सरकारी नोकरीमुळे साताऱ्याहून दिल्लीत आलेल्या आणि इथेच राहिलेल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, अनुजाच्या पार्सलसकट, आणि हात धरून पाटावर बसवलं. पाय धुतले. माझे बाबा आता नाहीत. बाबा गेल्यापासून आई कुंकवाच्या करंड्याला हात लावत नाही, नैरोबीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला बायका तिला आतल्या खोलीत डिशा भरायला बसवतात आणि तीही मुकाट बसते. म्हणून करंडा मीच उचलला. सुनंदाताईंनी माझं मनगट धरलं.

“थांबा. मला आधीच सांगायला हवं होतं, पण तुम्ही इतक्या प्रेमानं बसवलंत. आमचे हे जाऊन दोन वर्षं झाली. कुंकू पुसायचं नाही, असं त्यांनीच बजावलं होतं, म्हणून लावते. पण हा तुमचा नवस आहे. मी उठते.”

थट्टा चालवली आहे का हिने आमची, असं त्या फोटोकडे बघत मनात आलं. सुनंदाताई खरंच उठायला लागल्या होत्या. मुक्ता आजीकडे बघत राहिली. आईने सुनंदाताईंच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

“सकाळपासून काही खाल्लंयस?” तिने विचारलं.

“नाही. एकटीसाठी लवकर करावंसं वाटत नाही, काकू.”

“मग बैस खाली. मी देवीला म्हटलं, कुणीतरी पाठव. तिने तुला पाठवलं. आता तिने कुणाला पाठवावं हे मी तिला शिकवू होय?” आई खुर्चीला धरून उठली, माझ्या हातातून करंडा घेतला आणि स्वतःच्या बोटाने सुनंदाताईंच्या कपाळावर कुंकू लावलं. ओटीही तिनेच भरली.

ओटी भरून झाली की त्यातले चार दाणे परत ताटात टाकायचे असतात. सुनंदाताईंनी दाणे टाकले नाहीत. दोन्ही मुठी भरून तांदूळ घेतले आणि म्हणाल्या, “काकू, पदर पसरा.” आई म्हणाली, “अगं, मला कुठे आता?” “पसरा हो,” त्या म्हणाल्या. आणि माझ्या आईने पदर पसरला. तांदूळ पडले, नारळ पडला, कपाळाला कुंकू लागलं. आई मोठ्याने रडली. बाबा गेले तेव्हाही ती एवढी रडली नव्हती.

मग दोघी शेजारी शेजारी बसून जेवल्या. आईने पुरणपोळीचा पहिला घास घेतला आणि “वेलची कमी पडली,” म्हणाली.

यात चमत्कार काय, असं कुणी विचारलं तर मी वाद घालणार नाही. पोळी करपली, खिडकी उघडली, वास वर गेला, इतकंच घडलं. पण मी देवीकडे मागत होते ते माझ्या मनातल्या साच्यात बसणारं, आणि तसं मिळेना म्हणून तिच्यावर ओरडत होते. आईने मागितलं आणि पुढचं तिच्यावर सोडलं. शरण जाणं म्हणतात ते हेच असावं. मला अजून ते जमत नाही. राग मात्र पटकन जमतो. दिल्लीवरचा तर अजून गेलेला नाही. तरीही अंबाबाई, त्या दुपारसाठी मी तुझी जन्माची ऋणी आहे.

संध्याकाळी अनुजाचा फोन आला. जरा ओशाळल्या आवाजात विचारत होती, “ताई, मिळाली का मग कुणी सवाष्ण?” मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईने माझ्या हातून फोन घेतला.

“हो गं,” ती म्हणाली. “दोघी जेवलो.”