अक्कांचं राहिलेलं पान

मोबाइलवर ‘अक्का’ हे नाव उमटलं तेव्हा मी जळगावच्या बसस्थानकाबाहेर पत्रकं वाटत होतो. मी फोन उचलला नाही. हात मोकळा नव्हता, असं मी नंतर लोकांना सांगितलं. ते खोटं आहे. गठ्ठा डाव्या हातात होता, उजवा मोकळा होता. अक्का पुन्हा त्या पानाबद्दल विचारतील म्हणून मी फोन वाजू दिला... दुसऱ्यांदा वाजला तेव्हाही. तिसऱ्यांदा वैतागून उचलला, तर पलीकडे त्यांची मुलगी रूपाली होती. “आई सकाळी गेली,” ती म्हणाली. तीन दिवसांचा ताप, एवढंच. “तिच्या फोनमध्ये तुमचं नाव सगळ्यात वर होतं, म्हणून तुम्हाला आधी लावला.”

याला आता दीड महिना झाला. यावलच्या शोभाअक्का तुमच्या ओळखीच्या नसतील, पण याच पुरवणीतल्या माझ्या एका लेखात त्या तुम्हाला भेटून गेल्या आहेत, नावाशिवाय. त्या लेखाचं कौतुक करायला काही वाचकांनी मला फोनही केले होते. आजचा मजकूर मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

जळगावला एम.ए.ला आम्ही एका वर्गात होतो, विषय आंतरराष्ट्रीय संबंध. मी तेवीस वर्षांचा, अक्का सेहेचाळीसच्या. माहेर धुळ्याकडचं, सासर यावलचं. केळीच्या बागांत निंदणीला जाणाऱ्या बायांच्या टोळीच्या त्या म्होरक्या होत्या आणि बी.ए. त्यांनी घरी अभ्यास करून, बाहेरून परीक्षा देऊन केलं होतं. पहिल्याच तासाला देवरे सरांनी प्रत्येकाला विचारलं, हाच विषय का घेतला? मी साम्राज्यवादावर पाच मिनिटं बोललो. अक्का म्हणाल्या, “टीव्हीवर दोन देशांची माणसं लांब टेबलाशी बसलेली दाखवतात. त्यांचा आवाज बंद करतात अन् वरून बातमी वाचतात. ते तिथं बोलतात काय, ते मला ऐकायचंय.” वर्ग हसला. मीही हसलो.

मी धरणगावचा. बाबांनी मला अक्षरओळख करून दिली ती पत्रकांवरून. विहाराच्या ओट्यावर बसून आम्ही त्यांच्या घड्या घालायचो, आणि मला वाचता आलेले पहिले दोन शब्द होते ‘जाहीर निषेध’. कागद लपवायचा नसतो, वाटायचा असतो, हे माझ्या अंगात असं मुरलेलं. अक्कांशी त्यामुळे रोज वाद व्हायचे. करार, तह, युद्धबंदी, काहीही शिकवलं की मी विचारायचो, यात जनता कुठं आहे? अक्का डबा उघडता उघडता त्यांच्या अहिराणीत म्हणायच्या, “भाऊ, तुन्हं बठ्ठं खरं शे. पन आधी जेवी ले.” तुझं सगळं खरं, पण आधी जेवून घे.

दुसऱ्या वर्षी शांतता-वाटाघाटींचा सराव आला. धुळ्याच्या एका महाविद्यालयात, तीन दिवस, दोन्हीकडचे विद्यार्थी मिळून. उत्तरदेश आणि दक्षिणदेश असे दोन काल्पनिक देश, मधे एक खोरं. ते उत्तरेच्या सैन्यानं घेतलेलं, तिथली माणसं छावण्यांत. मी त्या विस्थापितांचा प्रतिनिधी, अक्का उत्तरदेशाच्या मुख्य वाटाघाटीकार. सरांचे नियम दोन होते. एक, बंद खोलीत जे बोललं जाईल ते दोघांच्या संमतीशिवाय बाहेर न्यायचं नाही. दोन, शेवटी प्रत्येकानं समोरच्याची बाजू एका पानावर लिहायची, ‘मी’ म्हणून, आणि खाली समोरच्यानं सही करायची... ‘होय, माझं म्हणणं हेच आहे.’ सही नाही तर पान पुन्हा लिहायचं. अक्का खुशीत म्हणाल्या, “सर, हे तर आमच्या बांधावर रोजचं. दोन बाया भांडल्या की मी तिची तक्रार हिला बोलायला लावते. अर्धं भांडण तिथंच दमतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बंद खोलीत आम्ही दोघंच होतो. अक्कांनी आधी माझ्यासाठी पाणी ओतलं. मग म्हणाल्या, आमचं सैन्य खोऱ्यातून टप्प्याटप्प्यानं मागं जाऊ शकतं. “पण हे मी माझ्या माणसांना अजून सांगितलं नाही. सेनापती झालेला तो पोरगा लगेच पेटेल. उद्या दुपारपर्यंत दम धर, मी त्यांना वळवते. धरशील ना?” मी मान हलवली. माझ्या लेखात ही मान नव्हती.

बाहेर आलो आणि माझं डोकं तापलं. छावणीतल्या लोकांचा निर्णय दोन माणसांनी दार लावून करायचा? जेवणाच्या सुट्टीत समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून मी मजकूर लिहिला, ‘बंद खोलीतला सौदा’, आणि कँटीनमध्ये टेबलाटेबलावर वाटला. उत्तरदेशाच्या मुख्य प्रतिनिधीनं माघार कबूल केली आहे, टप्पे नकोत, आजच निघा! एक कागद सेनापती झालेल्या मुलाच्या ताटाशेजारीही ठेवला. तासाभरात उत्तरदेशानं अक्कांना पदावरून काढलं. वाटाघाटी मोडल्या. देवरे सरांनी फळ्यावर लिहिलं, ‘युद्ध पुन्हा सुरू’.

तिसऱ्या दिवशी रूपाली यावलहून दोन बस बदलून आईला त्या लांब टेबलाशी बसलेलं बघायला आली. टेबलाशी त्यांच्या जागी दुसराच कुणी होता, अक्का शेवटच्या रांगेत प्रेक्षकांच्या खुर्चीवर होत्या. मांडीवर त्यांच्या पदाची पाटी होती, पुठ्ठ्याची, घडी घातलेली.

एवढं होऊन मी काय केलं? याच पुरवणीत लेख लिहिला. ‘एका सरावात मी गुप्त सौदा उघड केला’ असा. माझ्या कानावर आलं, असं लिहिलं. कानावर आलं नव्हतं. विश्वासानं माझ्या हाती दिलं होतं, आणि मी शब्द दिला होता. गुप्त करार मला आजही मान्य नाहीत, त्यावर मी उद्याही भांडेन. पण त्या खोलीत जाण्याआधी मी नियमाला नाही म्हणू शकत होतो. म्हणालो नाही, कारण मला आतली बातमी हवी होती. तत्त्व मला कँटीनच्या दारात आठवलं.

धुळ्याहून परतताना बसमध्ये अक्का माझ्या शेजारी येऊन बसल्या. माझी बाजू त्यांनी लिहून आणली होती. मी न वाचताच सही ठोकली. “आता मन्हं पान दे,” त्या म्हणाल्या. मी खिडकीबाहेर बघत म्हणालो, “तुमच्या बाजूला लिहिण्यासारखं काही आहे का, अक्का?” त्यांनी माझ्या सहीचं पान घडी घालून पिशवीत ठेवलं. मग म्हणाल्या, “तेच तर तुला शोधायचंय.”

पान मी दिलं नाही. सरांनी गुण कापले, मी ते अभिमानानं मिरवले. एम.ए. संपलं तरी महिन्या-दोन महिन्यांनी अक्कांचा फोन यायचा. “काय करी ऱ्हायना भाऊ? मन्हं पान व्हयनं का?” पान झालं का, या प्रश्नावर मी हसून विषय बदलायचो. पुढं पुढं हसणंही जमेना, म्हणून फोन टाळू लागलो. एक साधं वाक्य होतं, अक्का, माझं चुकलं. जिथं तिथं बोलणाऱ्या मला ते तेवढं बोलता आलं नाही...

अक्कांचं दिवसकार्य झाल्यावर यावलला गेलो. रूपालीनं आईची फाईल काढली. त्यात ते पान होतं, खाली माझी घाईची सही. तेव्हा ते मी पहिल्यांदा वाचलं. अक्कांनी माझ्या तोंडून लिहिलं होतं, ‘मला दम धर म्हणू नका. आजवर ज्यांनी ज्यांनी आम्हाला दम धरायला सांगितलं, ते आम्हाला विसरून गेले. मी ओरडतो, कारण हळू बोललेलं आमच्यापर्यंत कधी पोचलंच नाही.’ इतक्या पत्रकांत मला स्वतःबद्दल हे लिहिता आलेलं नाही. आणि हे त्यांनी लिहिलं होतं मी त्यांना खुर्चीवरून उठवल्यानंतर.

घरी येऊन मी त्यांचं पान लिहायला बसलो. आठ दिवस लागले. ‘मी सौदा केला नव्हता, एक दिवस मागितला होता. आपल्या माणसांना वळवायला शत्रूला वळवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. मी कुणावर रागावले नाही, पोरगा तरुण आहे...’ असं पान भरलं. गेल्या आठवड्यात ते घेऊन पुन्हा यावलला गेलो. रूपालीनं उंबऱ्यात बसून दोनदा वाचलं आणि परत दिलं.

“आई यावर सही करणार नाही.”

“का?”

“रागावले नाही, हे कुणी सांगितलं तुम्हाला? धुळ्याहून आली तर दोन दिवस जेवली नाही. बाया कामाला बोलवायला आल्या, तर त्यांनाही परत पाठवलं. तुमचं नाव घेतलं की म्हणायची, त्यानं मला माझ्या पोरीपुढं मागं बसवलं. हे यात कुठंय?”

मी पान पुन्हा वरून खाली पाहिलं. माझ्या सोयीसाठी मी अक्कांना क्षमाशील करून टाकलं होतं, त्यांच्या मागं, त्यांच्याच तोंडून.

ते पान मी परत आणलं. आता पुन्हा लिहितो आहे, रागापासून सुरुवात करून. यावलच्या त्या फाईलमध्ये अक्कांनी लिहिलेल्या पानाच्या शेजारचा प्लॅस्टिकचा कप्पा रूपालीनं रिकामा ठेवला आहे. निघताना तो मला दाखवून ती म्हणाली, “झालं की आणा. वाचून सांगते.”