माझं पहिलं गिऱ्हाईक

"कोनी धाडं तुमले?"

दारात कोणीही आलं, की नानांचा पहिला प्रश्न हाच. कोणी पाठवलं तुम्हाला? पाणी नंतर, बसा नंतर. माणूस आपण होऊन, नुसत्या भुकेपोटी आला असेल हे त्यांना पटतच नसे. कोणीतरी नाव सांगितलं असणार, आणि ते नाव त्यांना हवं असायचं. नाव मिळालं, की खुर्चीत मागे रेलून म्हणायचे, "मग घरचेच तुम्ही."

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मलाही हेच विचारलं. म्हटलं, "कोणी नाही, मीच आलो. मी वेबसाइट करतो." नानांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आत आवाज दिला, "अवं, एक ताट वाढ. पोरगं उपाशी दिसतं."

उपाशी नव्हतो, रिकामा होतो. पुण्यातली डिझाइनची नोकरी सोडून जळगावला परत आलो होतो. लोगो करेन, वेबसाइट करेन, पण आता कोणाच्या हाताखाली राहणार नाही, असं घरात ठणकावून सांगितलं होतं. लॅपटॉप होता, हौस होती, फक्त गिऱ्हाईक नव्हतं. शेजारी विचारायचे तेव्हा वडील म्हणायचे, "सध्या घरीच असतो." ते 'सध्या' असं लांबवायचे, की ऐकणाऱ्याला माझी दया यावी. मला स्वतःची अजिबात येत नव्हती. काम मला येतं, याची खात्री होती. आजही आहे, उगाच विनय कशाला करू!

नानांचं भरीत सेंटर नशिराबादजवळ, जुन्या हायवेला लागून. नाना मूळचे धुळ्याकडचे, सासुरवाडीला येऊन राहिलेले, म्हणून बोलण्यात अर्धी अहिराणी. "लोक पोरगी पाहून लगीन करतात, मी भरीत खाऊन केलं," असं ते बायकोच्या देखत सांगायचे. त्यांच्या मंडळींना सगळे अक्का म्हणत. अक्का आतूनच म्हणायच्या, "मग भांडीही घासा." भरीत सगळं अक्कांच्या हातचं. नानांकडे खातं बोलण्याचं.

मग रस्ता चौपदरी झाला आणि गावाला वळसा घालून गेला. ट्रकवाले, सावदा-फैजपूरकडे केळीच्या सौद्याला जाणारे व्यापारी, लग्नाच्या गाड्या, सगळे वरच्या वर निघून जाऊ लागले. नानांच्या बोर्डावरची अक्षरं हातभर उंच होती, पण वाचायला रस्त्यावर माणूसच उरला नाही. मुलगा सुरतला नोकरीला. तो प्रत्येक फोनवर म्हणे, "बंद करा आता, इकडे या." नाना फोन ठेवून माझ्याकडे बघायचे. "तिथं जाऊन काय करू मी? बिल्डिंगच्या दारात बसू? येणाऱ्याजाणाऱ्याला विचारलं तर वेड्यात काढतील."

मी त्यांना समजावलं. साधीशी वेबसाइट करू, मोबाईलच्या नकाशावर खूण टाकू. नव्या रस्त्याने येणाऱ्याला आधीच कळेल, इथं खाली उतरायचं.

"माझं भरीत मोबाईलमधून वास देणार शे का?"

"नाही, नाना."

"मग लोक वळतील कशाला?"

"फोटो पाहून."

"फोटो पाहून सोयरीक होते. भूक लागत नाही."

आतून अक्का म्हणाल्या, "करू द्या की त्याला. नाहीतरी दिवसभर माशाच मारता." झालं, माझं पहिलं काम ठरलं.

लॅपटॉप घेऊन मी परत गेलो ते अगदी छाती फुगवून. पान झकास जमलं होतं. वर मोठा फोटो: चकचकीत जांभळं वांगं, शेजारी वाटीत टोमॅटो घातलेलं लालसर भरीत, त्यावर कोथिंबिरीचं एक पान. फोटो इंटरनेटवरून उचललेला. नानांनी पाहिलं. खांद्यावरचा रुमाल काढला आणि स्क्रीनवर टाकला.

"आधी हे झाक. कोणी पाहिलं तर गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही."

आता तुम्हीच सांगा, खानदेशच्या माणसाने यावर काय बोलावं? आमच्याकडचं भरिताचं वांगं हिरवट-पांढरं, तान्ह्या लेकरासारखं हातात जड लागणारं. ते तुराट्यांच्या जाळावर भाजायचं, बडगी नावाच्या लाकडी भांड्यात ठेचायचं. मिरची, दाणे, कांद्याची पात. टोमॅटोचा काडीचाही संबंध नाही. हे खाऊनच मी वाढलो, आणि पुण्याच्या सवयीने जांभळं वांगं चिकटवून मोकळा झालो! अक्का रुमाल उचलून एकदा बघून गेल्या आणि आत जाऊन इतक्या हसल्या, की त्यांचं ठेचणं थांबलं.

"उद्या पहाटे ये," नाना म्हणाले. "वांगं भाजताना ये. मग काय काढायचं ते काढ."

गेलो. नाना इस्त्रीचा सदरा आणि नवी टोपी घालून तयार. मी धुराचा फोटो घ्यायला गेलो, की धुरात नाना. वांग्यांचा ढीग टिपायला गेलो, की ढिगामागे नाना.

"नाना, जरा बाजूला होता का?"

"का? वांगं काय आपल्या पायाने चालत आलं का इथं?"

शेवटी मी हात टेकले, आणि बरं झालं टेकले. पानावर सर्वांत वर लावला तो फोटो त्यांचाच. मागे जाळ, हातात वांगं, आणि धुराने डोळे बारीक करून हसणारे नाना. दुकान बंद व्हायची वेळ विचारली तर म्हणाले, "वांगी संपेपर्यंत." मी तसंच लिहिलं.

काही दिवसांनी नव्या रस्त्यावरून एक गाडी खाली उतरली. नाशिककडचं कुटुंब, अकोल्याला लग्नाला निघालेलं. नाना ताडकन उठले. "कोनी धाडं तुमले?" गाडीतले म्हणाले, "कोणी नाही हो, मोबाईलवर पाहिलं." मोबाईल हे काही माणसाचं नाव नव्हे. नानांनी लगेच मला फोन लावला.

"तुझे कोण पाहुणे आलेत रे? आडनाव सांग."

"माझे कोणी नाहीत, नाना. तुमचा फोटो पाहून आलेत."

पलीकडून अगदी हळू विचारलं, "मला पाहून?"

"तुम्हाला पाहून."

"मग घरचेच म्हणायचे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. इकडे मी खोलीत एकटाच नाचलो. खोटं कशाला सांगू!

पुढे गाड्या वळत राहिल्या आणि नाना माझेही एजंट झाले. सावद्याचा केळीचा व्यापारी असो, फैजपूरचा रोपवाटिकावाला असो, नाहीतर धुळ्याचा त्यांचा मसालेवाला भाचा. ताट संपेपर्यंत माझा नंबर त्याच्या मोबाईलमध्ये गेलेला असायचा. वर एक दिवस न सांगता जळगावला आमच्या घरी आले आणि वडिलांना म्हणाले, "भाऊ, तुमचं पोरगं घरी बसलेलं नाही. बठ्ठा, सगळाच्या सगळा हायवे आणून माझ्या दारात सोडला त्यानं." वडील चहा आणायला स्वतः उठले. सुरतचे फोन येत होतेच, पण आता नाना ते फार वेळ चालू देत नसत. "गिऱ्हाईक शे," म्हणायचे आणि ठेवायचे.

मागच्या हिवाळ्यात, भरिताचा हंगाम ऐन भरात असताना, नाना झोपेतच गेले. माझ्या घरचं माणूस गेलं. यापेक्षा वेगळं काय सांगू?

सेंटरला कुलूप होतं, पण लोक नकाशा पाहून येत होते आणि दारातून परत जात होते. ते पान मीच सांभाळायचो. उघडलं तर पुढे दोन पर्याय: तात्पुरते बंद, कायमचे बंद. माझं बोट काही हलेना. उठलो आणि नशिराबादला गेलो. अंगणात माणसं बसलेली, सुरतचा मुलगाही होता. आईला बरोबर घेऊन जायचं त्याने ठरवलंच होतं. एवढ्या लोकांत विचारायची मला लाज वाटत होती. अक्काच म्हणाल्या, "काही काम होतं का रे?"

मी सांगितलं.

"लोक अजून वळतायत का?"

"वळतायत, अक्का. सकाळपासून फोन येतायत."

"मग तात्पुरतं कर."

"आई, अगं..." मुलगा म्हणाला.

"तू सुरतेला जा, बाबा. सुखात राहा. मी इथली आहे, आणि चूल माझी आहे."

तेरावं झालं आणि तुराट्या पेटल्या. मी दुपारी जेवायला गेलो होतो. आधी कधीतरी येऊन गेलेला एक माणूस समोर बसला होता. इकडेतिकडे बघत त्याने विचारलं, "मालक दिसत नाहीत ते?"

"गावाला गेलेत," अक्का म्हणाल्या.

"कधी येतील?"

माझा घास हातातच राहिला. अक्का भरिताचं भांडं घेऊन बाहेर आल्या, त्याच्या ताटात भरभरून वाढलं आणि म्हणाल्या, "जेवा. निवांत जेवा."