चावी अर्धी राहिली

तळेऱ्याच्या तिठ्यावर धनेशचं गॅरेज आहे. गाडीच्या आतल्या कॉम्प्युटरला लॅपटॉप जोडून नवी चावी लिहून देणारा या बाजूला तो एकटाच. त्यामुळे तो माणूस कमी आणि तालुक्याची सोय जास्त. जेवतानाही फोन, देवळातही फोन. त्याला वीट आला होता. त्या दुपारी गोव्यातल्या एका शोरूममध्ये त्याची मुलाखत होती. तिथे सहा वाजले की हात धुवायचे आणि घरी जायचं. अडलेली गाडी ही साहेबाची डोकेदुखी. त्याला एवढंच हवं होतं.

नेमकी देवबागच्या सत्यवानाच्या गाडीची एक चावी समुद्रात पडली. "जाता जाता करून दी रे," तो म्हणाला. आमच्या धनेशला नाही म्हणता येत नाही, हा त्याचा जुना रोग.

काम सोपं होतं. आधी जुन्या चाव्यांची नोंद पुसायची, मग नव्याने लिहायची. नोंद पुसली गेली आणि पडद्यावर आलं, संपर्क तुटला. उरलेली चांगली चावीही आता चालेना. गाडी अशी मारून ठेवून निघायचं कसं?

धनेशने वायर बदलली, लॅपटॉप बंद करून चालू केला, बॅटरी तपासली. शेवटी तेच यंत्र स्वतःच्या व्हॅनला जोडलं. लगेच लागलं! म्हणजे खोट सत्यवानाच्या गाडीतच. त्याने स्टिअरिंगखाली वाकून, लॅपटॉपची वायर लागते त्या सॉकेटवर टॉर्च मारला. सगळ्या पिना ग्रीसमध्ये बुडालेल्या, वर वाळू चिकटलेली.

"ह्या कोणी भरल्यान?"

"मियाच," सत्यवानाची आई यशोदा कौतुकाने म्हणाली. "खाऱ्या वाऱ्यान सगळा सडता रे. होडयेच्या इंजिनाक लावतंय, तसाच ह्येका लावलंय."

रागावणार कुणावर? माउलीने जीव लावून केलं होतं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्ये ही गाडी आणि तिच्यात डोकं खुपसून बसलेला धनेश. एकेक पिन पुसताना तो रडायचाच तेवढा बाकी होता.

गाडी सुरू झाली तेव्हा उन्हं कलली होती. त्याने शोरूमला फोन लावला. "तुमची बरीच वाट पाहिली," पलीकडचे गृहस्थ म्हणाले. "जागा भरली."

सत्यवान मात्र हरखून गेला होता. "तू आसस म्हणान आमका घोर नाय. आख्ख्या देवबागाक तुझो नंबर दिलंय!"

धनेश कसनुसा हसला. व्हॅनमध्ये बसतो न बसतो तोच फोन वाजला. नंबर अनोळखी होता. त्याने तो वाजू दिला, वाजू दिला, आणि मग उचलला.

"बोला. गाडी खंय आसा?"